पंचायतीच्या छतावरचा आवाज

आमच्या ग्रामपंचायतीच्या छतावर दोन भोंगे आहेत. एकाचं तोंड जुन्या गावाकडे, दुसऱ्याचं रस्त्यापलीकडच्या वस्तीकडे. रोज सकाळी आधी थोडी खरखर व्हायची, मग राष्ट्रगीत लागायचं आणि ते संपलं की प्रार्थना. राष्ट्रगीत सगळीकडे असतं तसंच, वाद्यांवरचं. प्रार्थना माझ्या बायकोच्या आवाजात होती. ती गेली, त्यानंतरही काही महिने तिचा आवाज रोज सकाळी गावावरून फिरत होता. तो चालू ठेवावा की बंद करावा, हा प्रश्न शेवटी ग्रामसभेत आला आणि त्या सभेत मला बोलावं लागलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, एकच पान पुन्हा पुन्हा वाचतो, मिटतो, उठून ओट्यावर येतो. ओट्यावरून परत आत. लिहून पाहावं म्हणजे हात तरी एका जागी राहील, असं वाटलं.

ती इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. गाव तिला 'बाई' म्हणायचं. मी शिरूर कासारच्या कॉलेजात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून मी 'सर'. तिचं माहेर परळीचं. वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि त्या भागात वाळत घातलेलं धुणं आत नेण्याआधी झटकावं लागतं, इतकी वीज केंद्राची राख बसते. वडील दुकानाचं शटर वर करण्याआधी त्याच शटरवर हात ठेवून, रस्त्यात उभं राहून वैजनाथाची प्रार्थना म्हणत. गिऱ्हाईक आलेलं असलं तरी. गिऱ्हाईक पिशवी घेऊन थांबायचं, प्रार्थना संपली की शटर वर जायचं आणि मग साखर, तेल, जे काय हवं ते. लहानपणापासून ऐकून ती प्रार्थना तिला पाठ झाली होती.

कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या. वरून आदेश आले, मुलांना मोबाईलवर शिकवा. आमच्या गावात निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. एका घरात एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात. तेव्हा तिनं ग्रामसेवकाला गाठलं आणि पंचायतीच्या माईकवरून शाळा सुरू केली. मुलं आपापल्या ओट्यावर, लिंबाखाली, गोठ्याच्या सावलीत पाट्या घेऊन बसायची आणि छतावरून पाढे यायचे. ती मध्येच एखाद्याला दटावायची सुद्धा. तिला तिथून कोणी दिसत नव्हतं, तरी घराघरातली मुलं दचकून सरळ बसायची.

वर्गाची सुरुवात ती त्या परळीच्या प्रार्थनेनं करायची. रोज ओरडून घसा बसायला लागला तेव्हा ग्रामसेवकानं सुचवलं, की बाई, प्रार्थना तरी एकदाच म्हणा, मी भरून ठेवतो. पंचायतीच्या खोलीत, उकाड्यामुळे खिडकी उघडी ठेवून, मोबाईलवर ती भरली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर डेअरीची दुधाची गाडी वळणावर आली आणि तिनं नेहमीचा लांबलचक हॉर्न दिला. बायको थांबली. हॉर्न संपला, तरी ती क्षणभर थांबूनच राहिली, बारीकसा घसा साफ केला आणि पुढची ओळ घेतली. पुन्हा भरायचं ठरत होतं तेवढ्यात लाईट गेली. राहिली ती तशीच.

गंमत अशी, की मुलांना ती प्रार्थना भोंग्यावरूनच पाठ झाली, आणि ती सगळी त्या जागी थांबायला लागली. शाळा उघडल्यावर एकदा मैदानात खेळता खेळता मुली ती म्हणत होत्या. तिसऱ्या कडव्यात मध्येच सगळ्या गप्प. एकीनं बारीक घसा साफ केला. मग पुढची ओळ. बायको घरी येऊन हसून हसून सांगत होती. तिनं त्यांना पुष्कळ समजावलं की तिथे थांबायचं नसतं, तो हॉर्न होता. मुली म्हणाल्या, "न्हाई बाई, तिथं थांबत्यात." गावातल्या बायाही तिथे थांबायच्या. दळण निवडताना, भांडी घासताना, तोंडातल्या तोंडात म्हणत असल्या तरी.

तेव्हा मी तिच्याशी वाद घातला होता. हे मला इथे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून आलं.

"पाढे म्हण, कविता म्हण," मी म्हणालो होतो. "देवाची प्रार्थना पंचायतीच्या छतावरून नको. ते छत सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं आहे म्हणूनच म्हणते. मी कुणाचं वाईट मागते का? सगळ्यांचं चांगलंच मागते."

"मागतेस कुणाकडे, हा प्रश्न आहे."

"आमच्या दुकानात काय सगळी एकाच देवाची गिऱ्हाइकं यायची? थांबायचीच ना बाबांसाठी?"

"दुकान तुझ्या बाबांचं होतं."

ती भाजी चिरत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्हाला वर्गात एवढं बोलू देतात का पोरं?"

शाळा सुरू झाल्या, माईकवरचे वर्ग थांबले. राष्ट्रगीत आणि प्रार्थना मात्र वेळेवर आपोआप लागेल अशी मशीनमध्ये सोय करून ठेवली होती, ती कोणी काढली नाही. गावाला सवय झाली. मलाही झाली असावी, कारण पुढे मी तो विषय काढला नाही.

मग तिचं दुखणं आलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. बीडच्या दवाखान्यातून तिला घेऊन आम्ही गावात शिरलो ती सकाळ होती. अॅम्ब्युलन्स वळणावर आली आणि छतावर खरखर झाली. राष्ट्रगीत झालं. आणि मग तिचा आवाज. ज्या शिपायाकडे पंचायतीची किल्ली असायची, तो आमच्याच दारात खुर्च्या मांडत होता. कोणी तरी ओरडलं, "अरं बंद करा ते!" शिपाई खिसे चाचपत पळाला, पण तो पोहोचेपर्यंत तिसरं कडवं आलं होतं. ती थांबली, घसा साफ केला. दारात जमलेली सगळी माणसं तिच्याबरोबर थांबली. ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं प्रार्थना ऐकून स्टिअरिंगवरचे हात जोडले.

नंतर त्याच भोंग्यावरून ती गेल्याचं सांगितलं गेलं, मातीला किती वाजता निघायचं तेही.

दहावा-तेरावा झाला. लेक-जावई पुण्याला परतले. मी एकटा राहिलो आणि सकाळची वाट पाहायला लागलो. चहा करून ओट्यावर बसायचो. खरखर झाली की कप खाली ठेवायचो. तिच्या आवाजाचं दुसरं काहीच माझ्याकडे नव्हतं. आम्ही फोटो काढले, पण बोलताना कधी काही भरून ठेवलं नाही. ग्रामसेवक दुःखाला भेटायला आला तेव्हा म्हणाला होता, "सर, ती फाईल तुमच्या मोबाईलवर पाठवून देऊ का?" मी म्हणालो, "पाहू नंतर." का म्हणालो, ते मलाच कळलं नाही.

जानेवारी लागला. ऊसतोडीला गेलेली घरं कुलूपबंद, गावात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुलं. अशा एका दुपारी वस्तीतली पंचायत सदस्य माझ्याकडे आली. ही बायकोची विद्यार्थिनी, नंतर कॉलेजात माझीही. बौद्ध वस्तीतून निवडून आलेली, वय तिशीच्या आतलं, दोन म्हशी सांभाळून दूध घालते आणि पंचायतीच्या प्रत्येक बैठकीला वेळेवर येते म्हणून काही लोकांच्या डोळ्यांत खुपते. आमच्या घरात ती लहानपणापासून वावरलेली. पण त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"सर, येऊ का?"

"ये ना. चहा टाकतो."

"आधी बोलते. मग ठरवा, चहा द्यायचा का नाही."

ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. माईकवरची प्रार्थना बंद करा म्हणून. तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून आले."

मी चष्मा काढून पुसत बसलो.

"मागच्या जयंतीला आमच्या वस्तीनं विचारलं होतं, सकाळी वंदना लावता का माईकवर, एकच दिवस. तर म्हणाले, सरकारी माईक आहे, धार्मिक काही चालत नाही. सर, त्याचा राग नाही आला मला. नियम असला तर असू द्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी प्रार्थना लागली. भोंग्याचं तोंड आमच्याकडंच आहे."

"तेव्हा बाई होत्या," मी म्हणालो. "तेव्हाच का नाही बोललीस?"

"होत्या म्हणूनच नाही बोलले. आता त्या नाहीत, तर आणखीच बोलता येईना. पण कधी तरी बोलायलाच लागतंय." तिनं पदराचं टोक सोडलं. "ती प्रार्थना आहे असं कुणाला वाटतच नाही, सर. सगळ्यांना बाईच वाटतात. मलापण वाटतात. पण माझी आई अंथरुणावर असते. भोंगा लागला की भिंतीकडं तोंड करती. घरात आलेल्या माणसाला नको म्हणता येतं. त्याला मी कुठून नको म्हणू?"

"मग तुमचीही वंदना लावा, अशी मागणी कर."

"आधी तेच मांडणार होते. मग म्हटलं, उद्या मुसलमानांची दोन घरं आहेत ती म्हणतील आमचं लावा, परवा आणखी कोण. छतावर रांगच लागायची. कुणाचंच नको. पाण्याची वेळ सांगा, रेशन आलं ते सांगा, लसीचं सांगा, मयत सांगा." ती जराशी हसली. "सरकारला स्वतःचा धर्म नसतो, हे कुणी शिकवलं आम्हाला? फळ्यावर लिहून खाली रेघ मारली होती तुम्ही."

मारली होती. दरवर्षी मारायचो.

मी चहा टाकला. साखर सापडेना. ती उठून आत आली आणि वरच्या फळीवरचा डबा काढून दिला. तो कुठे असतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी सरपंचाचे यजमान आले. सरपंच त्यांची बायको आहे, पण गाव त्यांनाच सरपंच म्हणतं आणि तेही ओ देतात. जमीन बरीच, वरपर्यंत ओळखी. माणूस वाईट नाही. बायकोच्या दुखण्यात त्यांनीच दोनदा गाडी दिली होती.

"सर, ती येऊन गेली म्हनं तुमच्याकडं."

"आली होती."

"लई शानी झालीय. तुमी मनाला लावून घेऊ न्हका. बाईंच्या आवाजाला हात कोन लावतंय, तेच बघतो मी."

"तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही," मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलंच नाही. "आमी उलटा ठराव घेतो. बाईंच्या स्मरणार्थ प्रार्थना कायम. पंचायतीच्या भिंतीला संगमरवरी पाटी. तुमी फकस्त पुढच्या खुर्चीवर बसायचं. बोलायचं बी काम न्हाई. तुमच्या तोंडाकडं बघूनच समदे गप होतेन."

"आणि वस्तीची वंदना?"

"ती कावून? मग समदेच मागतेन की!"

तिनंही हेच म्हटलं होतं. तिथून ती एका वाटेनं गेली होती, हे दुसऱ्या.

त्यांची बुलेट गेली तरी मी दारात उभाच. पाटीची कल्पना मला आवडली होती. दगडावर तिचं नाव. ते आवडलं याची चीड आली आणि तरी डोळ्यांसमोरून पाटी हलेना. त्यानंतरचे दिवस असेच गेले. मनातल्या मनात कधी त्या मुलीच्या बाजूनं बोलायचो, कधी त्यांच्या. जेवण करपायचं. शेजारच्या मावशी भिंतीवरून विचारायच्या, "सर, काय जाळलं वो आज?" त्यांचे दोन्ही मुलगे आणि सुना कारखान्यावर. मागे त्या आणि कोंबड्या.

त्यांना मी विचारलं, "मावशी, प्रार्थना बंद झाली तर चालेल का तुम्हाला?"

"कावून बंद व्हायची?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोरं जाताना मला कोंबड्या आन कुलूप देऊन गेली. सकाळच्या पारी बाईचा आवाज आला का वाटतंय, कोन तरी हाय घरात. देवाचं काय, त्येला ऐकू येतंय न्हाई येतंय. मला येतंय की."

मला वाटलं, झालं. यापुढे आणखी काय विचारायचं. आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून, चहाही न घेता, मी रस्ता ओलांडून वस्तीत गेलो. मला तो आवाज तिकडून ऐकायचा होता.

वस्तीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे, तिथे उभा राहिलो. खरखर झाली. माझ्या ओट्यावर तिचा आवाज गावावरून फिरून, घरांना टेकत टेकत यायचा. इथे तो सरळ अंगावर आला. एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. ओळीचे शेवट फाटत होते. समोरच्या अंगणात एक माणूस दाढी करत होता आणि बायकोला काही सांगत होता. तो बोलायचा थांबला, वस्तरा हातात धरून. बायको कळशी घेऊन थांबली. दोघं रागावलेले नव्हते. फाटकाशी माणसं मालगाडी जाईपर्यंत थांबतात, तसे थांबले होते. तिसऱ्या कडव्यात भोंग्यावरचा तिचा आवाज थांबला तेव्हा संपलं असं वाटून त्यानं बोलायला तोंड उघडलं. तिनं घसा साफ केला. त्यानं तोंड मिटलं.

तिचा आवाज संपण्याची वाट पाहणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

परतताना पाय भराभर पडत होते. ग्रामसेवकाला मी 'पाहू नंतर' का म्हणालो होतो, ते त्या रस्त्यावर कळलं. मोबाईलवर घेतला असता, तर तो आवाज मला लावावा लागला असता. बटण दाबलं की येणार, थांबवलं की थांबणार. छतावरून मात्र ती आपली आपण यायची. मी बोलावलेलं नसताना. ती असताना घरात असायची, तशी. मला नेमकं तेच हवं होतं, आणि त्या मुलीची तक्रारही नेमकी तीच होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि पंचायतीच्या समोरच्या मंडपात ग्रामसभा बसली. सुरुवातीला नेहमीप्रमाणे फोटोंना हार, उदबत्ती आणि नारळ. नारळ ग्रामसेवकानं फोडला. ती सदस्यही इतरांबरोबर उभी होती. मी पुढच्या खुर्चीवर बसलो नाही. मागे, मावशींच्या शेजारी सतरंजीवर बसलो. सरपंचाच्या यजमानांनी दोनदा हातानं बोलावलं, मी मान हलवली.

घरकुलाचे विषय झाले, पाण्याच्या टाकीचा झाला. मग ती उभी राहिली आणि वाचून दाखवलं. सरपंचाचे यजमान खुर्चीतूनच म्हणाले, "बाईंनी तुला अक्षर शिकवलं, आन तूच त्येंचं तोंड दाबायलीस व्हय?"

"बाईंनीच शिकवलं," ती म्हणाली. "उभं राहून बोलायचं. खुर्चीत बसून नाही."

मंडपात हशा पिकला. ते अर्धवट उठले, पुन्हा बसले. कुणी तरी मागून म्हणालं, "आरं पन ती देवाची प्रार्थना हाय, तेच्यात वाईट काय?" दुसरा म्हणाला, "मानसं कारखान्यावर हायत, आल्यावर ठरवा." तिसरा त्याला म्हणाला, "आल्यावर झोपतेन का ऐकतेन? समदं आजच करा." मग सरपंचाचे यजमान खुर्चीवरून माझ्याकडे वळले. "सरांनाच विचारा की. ज्येंचं दुःख हाय, त्येंना इचारा."

सगळ्या माना वळल्या. मी उठलो. इतकी वर्षं वर्गात बोललो, पण त्या दिवशी हात कुठे ठेवावेत कळेना.

"मला तो आवाज रोज हवा आहे," मी म्हणालो. "सकाळी मी फक्त त्यासाठी उठतो."

सरपंचाच्या यजमानांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणून सांगतो, बंद करा. माझ्या घरात तो न बोलावता येतो, ते मला बरं वाटतं. तिच्या घरातही तो न बोलावताच येतो. तिच्या आईला उठून खिडकी लावता येत नाही. बाई होत्या तेव्हाही मी त्यांना हेच म्हणत होतो, की ते छत सगळ्यांचं आहे. त्या ऐकत नव्हत्या. आज त्या नाहीत म्हणून मी माझं म्हणणं बदलणं बरोबर नाही. त्यांना ते आवडलंही नसतं, त्यांना वाद घालायला समोर माणूस लागायचा. आणि माझं दुःख पंचायतीनं रोज सकाळी वाजवावं, असं मी मागू शकत नाही."

मी खाली बसलो.

"बायकुचा आवाज बंद करा म्हननारा मानूस पयल्यांदाच बघितला," सरपंचाचे यजमान म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. मस्करी नव्हती ती. कोणी हसलं नाही. फोन कानाला लावून ते मंडपाच्या बाहेर गेले. फोन वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्यांची बायको, खरी सरपंच, टेबलामागे बसली होती. एरवी प्रत्येक विषयाला ती आधी त्यांच्याकडे बघते. आता तिथे कोणी नव्हतं. तिनं हात वर करायला सांगितलं. थोडे वर झाले, मग आणखी. बरेच झालेच नाहीत. तिनं मंडपावरून एकदा नजर फिरवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मंजूर. राष्ट्रगीत सोडून माईकवर फक्त गावाच्या कामाचं." मावशींनी हात वर केला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सभा संपली, नारळाचे तुकडे वाटले गेले. त्या मुलीनंही घेतला आणि खाल्ला. मीही खाल्ला. खाताना मनात आलं, हा नारळ, ही उदबत्ती ठरावात नव्हती. ते काय आहे मग? रेघ कुठे मारायची असते, हे फळ्यावर मला नेहमी ठाऊक असायचं. मंडपात उभं राहून ते ठरवता येईना.

ग्रामसेवकानं मशीनमधून पेनड्राईव्ह काढून माझ्या हातात दिला. तो मी चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. अजून लावलेला नाही. मावशी चार-पाच दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "घरात तरी लावा की सर. भिंतीवरून आमी ऐकू." मी "लावतो" म्हणालो. नाही लावला. चुकलं का? सकाळी त्यांच्या अंगणात नुसतं खराट्याचं वाजणं ऐकू येतं, तेव्हा चुकलं असं वाटतं. रस्त्यापलीकडे पाहिलं की तसं वाटत नाही.

आता मी सकाळी ओट्यावर बसत नाही. राष्ट्रगीत संपतं, आणि नंतर जे येत नाही ते ऐकत बसवत नाही. चप्पल घालतो आणि वळणापर्यंत चालत जातो. तिथे डेअरीचं दूध घालायला बाया किटल्या घेऊन उभ्या असतात. परवा ती मुलगीही होती. तिनं पदर सावरला, मी मान हलवली. सभेनंतर आम्ही नीट बोललेलो नाही.

गाडी आली आणि वळणावर तिनं तो लांब हॉर्न दिला. मी चालता चालता थांबलो. हॉर्न संपला, तरी पाऊल उचललं नाही. बाकीच्या बाया किटल्या घेऊन पुढे सरकल्या. ती मुलगी मात्र होती तिथेच, झाकणावर हात ठेवून थांबलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "माझंपण होतं असं."

गाडीवाला ओरडला, "ओ ताई, घालायचं का न्हाई दूध?"

ती किटली उचलून गेली. तिसऱ्या कडव्याची पुढची ओळ माझ्या तोंडात आली होती. घसा साफ केला, पण म्हटली नाही. गाडी निघून गेली तरी मी तिथेच होतो.